मोळावरच्या दोन फरश्या

वकिलाने टाइप करून पाठवलेला मृत्युपत्राचा मसुदा मी आताच चुलीत घातला. त्याच्या पहिल्या ओळीत ‘मोळावरील देवीच्या कृपेने’ असे होते. मी तसे सांगितले नव्हते. दुसरी प्रत माझा मुलगा यशवंत याच्याकडे आहे. तीही रद्द समजावी.

आता स्वतःच्या हाताने लिहिते. मी पद्मावती कृष्णनाथ शेट्ये, वय त्र्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सर्वण, तालुका डिचोली. डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजव्याने लिहिते. धाक घालून हे कोणी लिहवून घेतलेले नाही. गोड बोलून पाहिले गेले; त्याचा उपयोग झाला नाही.

१. डिचोलीच्या नोटरीने मला समजावले की माझ्या मालमत्तेतला अर्धा भागच मला मनासारखा देता येतो. उरलेला अर्धा मुलांचा, मी दिला काय आणि न दिला काय. पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. तेव्हा राहते घर आणि बँकेतल्या ठेवी यशवंत आणि मुलगी सुमंगला यांना समान. त्यांचा अर्धा यातच भरून निघतो. सुमंगला केरीला असते, तिरकोलच्या फेरीबोटीजवळ. चतुर्थीला येते आणि दुसऱ्या दिवशी जाते. घरातली मागची खोली तिची असावी, म्हणजे तिला राहावेसे वाटेल. वाटले नाही तर तिथे नारळ ठेवावेत.

२. शिलाई मशीन यशोदेला. ती अठरा वर्षे माझ्याकडे कामाला आहे आणि मशीन तिनेच चालते ठेवले आहे. बांगड्या सुमंगलेला. तांब्याचा हंडा दीर गोपाळ याने १९८८ साली लग्नासाठी नेला. तो ज्याच्या घरात असेल त्याने ठेवावा. हंडा माझा होता एवढे मात्र त्याला कळवावे.

३. पतींची पुस्तके. पती कृष्णनाथ डिचोलीच्या हायस्कूलात इतिहास शिकवत. १९९६ साली वारले. कपाटात इजिप्तच्या थडग्यांचे पुस्तक आहे, क्रीटच्या राजवाड्याचे आहे, मेसोपोटेमियाच्या विटांवरच्या लिपीचे आहे. पगारातून घेतलेली. त्या काळात घरात पंखा नव्हता. शाळेला विचारले, तर कपाटासकट देत असाल तर घेऊ म्हणाले. कपाटासकट द्यावीत.

त्यांच्या शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि गोवा झाला, असे कोणी पेपरात लिहिले की ते शून्य देत आणि समासात लिहीत, ‘हे गोष्टीच्या तासाला.’ ट्रॉय शोधणाऱ्या जर्मन माणसाने घाईने खणताना खऱ्या ट्रॉयचाच बराच भाग उपसून टाकला, हे ते दर वर्षी सांगत. मुले हसत. तेही हसत.

४. मोळ. गावाच्या वर जांभ्या दगडाचे उघडे पठार आहे, त्यातला आमचा तुकडा. पतींच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा तो माझ्या नावावर आला. मुलांना नको होता, कारण त्यावर देऊळ उभे होते आणि देवळाची जमीन कसता येत नाही, विकता येत नाही. आता देवस्थान समितीला तिथे सभागृह बांधायचे आहे. यशवंत समितीचा चिटणीस आहे. त्यामुळे गेले वर्षभर माझ्या प्रकृतीची चौकशी जास्त होते.

देऊळ कसे झाले ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे लिहिलेले नाही.

१९७२ च्या जानेवारीत पतींना त्या दगडात खोदलेल्या रेषा सापडल्या. गुरे चारणाऱ्यांना त्या आधीपासून माहीत होत्या, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. फोटोत रेषा उठेनात. पती मला म्हणाले, “पद्मा, तुझा हात चांगला आहे. रेषांत रांगोळी भर.” मी दोन तास उन्हात बसून भरली. सरळ, सारख्या जाडीची. फोटो निघाला. हात वर केलेली, मोठ्या पोटाची बाई दिसत होती. तो एका दैनिकात आला. पतींनी खाली लिहिले, ‘आदिमातेचे प्राचीन चित्र’. पुढच्या शुक्रवारी गावातल्या वाडीवरच्या तीन बायका ओटी घेऊन आल्या. रांगोळी अजून पुसली नव्हती. त्या वर्षी मांडव, दोन वर्षांनी पत्र्याची शेड, १९७९ साली रेषांवर फरशी. मग पक्के देऊळ, आणि हात वर केलेल्या बाईची काळ्या दगडाची मूर्ती. दर वर्धापनदिनी देवी शोधणारे म्हणून पतींना शाल आणि नारळ मिळे. अशा सतरा शाली घरात आहेत. त्या यशोदेने वाटून टाकाव्यात.

५. पुढचे निवेदन मी पूर्ण जाणिवेने करते. या मृत्युपत्रातले बाकी सगळे विसरले गेले तरी चालेल.

ती रेषा दोन ठिकाणी मी जोडली. एका ठिकाणी वीतभर, दुसऱ्या ठिकाणी चार बोटे. लहानपणापासून रांगोळी काढणाऱ्या हाताला तुटकी रेषा सोडता येत नाही. उंबऱ्यापुढे रेघ उघडी राहिली तर आई हात धरून ती पुरी करायला लावायची. मी पुरी केली, आणि करताना मला कळलेही नाही. फोटो छापून आल्यावर कळले. मी एकटी कळशीभर पाणी घेऊन वर गेले आणि ती जागा धुऊन बोटाने चाचपली. खोदलेली रेषा झिजली तरी बोटाला खाच लागते. तिथे खाच नव्हती. दगडाची जुनी काळी साल अखंड होती. त्या दोन जोडण्या काढल्या तर वरचे हात ही शिंगे होतात, आणि पोट ही एका जनावराची पाठ होते. बैल असेल, गवा असेल. ते मला ठरवता येत नाही. तिथे रेषा नव्हती, एवढेच मला सांगता येते.

त्याच संध्याकाळी मी पतींना सांगितले. त्यांनी मला स्पेनमधल्या त्या गृहस्थाची गोष्ट सांगितली, ज्याच्या लहान मुलीला गुहेच्या छतावर रंगवलेले बैल दिसले. पंडितांनी त्याला लबाड ठरवले. चित्रे खरी आहेत हे मान्य झाले तेव्हा तो मरून चौदा वर्षे झाली होती. “एकदा लबाड म्हटले की संपले,” पती म्हणाले. मी म्हटले, “अहो, तो खरे बोलत होता. आपण बोलत नाही.” त्यावर त्यांनी कंदील उचलला आणि गोठ्यात गेले. आमच्याकडे तेव्हा गुरे नव्हती.

पुढे चोवीस वर्षे तो विषय निघाला नाही. १९८५ साली पणजीहून एक जाणकार गृहस्थ पाहायला आले होते. मी त्यांना सांगायचे ठरवले होते. त्यांनी बूट काढले, घंटा वाजवली, प्रसाद घेतला आणि फरशीला हात लावून नमस्कार केला. मी चहा केला.

यशवंतला मी गेल्या दिवाळीत सांगितले. तो म्हणाला, “आई, देवी नसती जाल्यार हो मोळ आज मायनीच्या खड्ड्यात आसतो. बाजूचो बघ.” मी बघितला आहे. बाजूचा मोळ आता खाणीतल्या तांबड्या पाण्याचे तळे आहे, आणि त्याच्या कडेने ट्रक जातात. यशवंतचे म्हणणे बरोबर आहे. देवळामुळे दगड वाचला. पण दगड वाचवून त्यावर काय आहे ते कोणाला पाहू द्यायचे नसेल, तर वाचवले काय हे मला समजत नाही. हेही मी त्याला म्हटले. तो म्हणाला, “तू शिक्षिका, तुका सगळ्यांचे पेपर तपासूक जाय.”

६. तेव्हा मोळाचा संपूर्ण तुकडा, देऊळ धरून, माझ्या मोकळ्या अर्ध्यातून मी देवस्थान समितीलाच देते. खाणवाल्यांना किंवा इतर कोणालाही तो विकता, भाड्याने देता येणार नाही. सभागृह बांधायचे तर बांधावे. अट एकच. गाभाऱ्यात, उंबऱ्यापासून मूर्तीकडे सहा फुटांवर, उजव्या आणि डाव्या हाताला, दोन फरश्या कायमच्या काढाव्यात आणि तिथे जाड काच बसवावी. त्याच त्या दोन जागा. बाकीची फरशी राहू द्या. मूर्ती राहू द्या. पूजा बंद करा असे मी कुठेही लिहिलेले नाही. ज्या बायका येतात त्या खोट्या नाहीत. काचेशेजारी माझे कलम पाच लिहून लावावे, सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखन तपासून.

माझ्या मृत्यूनंतर एका वर्षात हे झाले नाही, तर तुकडा सुमंगलेचा. तिने काय करावे ते तिला ठाऊक आहे.

७. माझा फोटो देवळात लावू नये. पतींचा आहे, तो काढू नये.

हे सगळे दोन्ही साक्षीदारांसमोर मी वाचून दाखवले आणि मग सही केली. सोमवारी नोटरीकडे देणार.

पद्मावती कृष्णनाथ शेट्ये

साक्षीदार: विनोदिनी परब, निवृत्त शिक्षिका, सर्वण
साक्षीदार: विठू गावस, दुकानदार, सर्वण

सर्वण, शनिवार, १३ मार्च २००४

रविवार, १४ मार्च, सकाळ.

काल साक्षीदार गेल्यावर मी हे यशवंतला वाचायला दिले. त्याने दोनदा वाचले. म्हणाला, “तू मेल्यार कित्याक? फाल्यां सकाळींच काडूंया. रेघ मेळ्ळी जाल्यार हे फाडशी?” रेघ निघाली तर फाडीन, असे मी म्हटले.

आज सहाला आम्ही वर गेलो. १९७९ साली फरशी घालणारा गवंडी महादेव याला यशवंतने बोलावून घेतले होते. तो दोडामार्गकडचा, आता सत्तरीचा आहे. त्याने दोन्ही फरश्या पहारीने उचकटल्या. खाली वाळू होती. मी वाळू हाताने बाजूला केली आणि दगड पुसला.

दोन्ही ठिकाणी रेषा होती.

मी बोट फिरवले. शेजारची जुनी रेषा गोल झालेली, काळी. या जोडाच्या कडा बोटाला लागत होत्या, आणि आतला दगड तांबडा होता. मी महादेवाकडे पाहिले. तो म्हणाला, “बाईनु, ती माझी. फरशी घालूच्या आदल्या दिवशी मास्तर इले. म्हणाले, म्हादेवा, रेघ दोन जागी तुटलीहा, जोडून दी. मी जोडलंय. तुमका म्हायत नाय?”

मी नाही म्हटले.

मी त्याला विचारले, हे कागदावर सांगशील का. त्याला सही येत नाही. यशवंत उठला, समितीच्या कपाटातून पावत्यांच्या शिक्क्याचा पॅड घेऊन आला आणि उघडून महादेवापुढे धरला. ठसा खाली आहे. कागद फाडलेला नाही, आणि यशवंतने फाड म्हटले नाही.

आठ वाजता पूजेची वेळ झाली म्हणून फरश्या परत बसवल्या.

साक्षीदार: महादेव नाईक, गवंडी. डाव्या अंगठ्याचा ठसा.