मशीनचा पट्टा

संयोगिता,

रविवारपर्यंत मी कबनूरला बहिणीकडं हाय. तुझी फाटकी लेगिंग उसवून परत शिवलीय. ताणाच्या कापडावर तशीच टीप मारलीस, मग बसल्यावर धागा तुटणारच की! कापड जरा ओढून धरायचं असतं, एवढंबी कळंना?

आणि तिन्ही लेगिंगचं इलॅस्टिक काढून नाडी कशापायी घातलीस, हे न कळायला मी आंधळी न्हाय. मागल्या खेपेला मी तिसऱ्याच महिन्यात गल्लीभर पेढे वाटले आणि आठवड्यात सगळं संपलं. म्हणून आता माझ्यापास्नं लपवतीस व्हय? लपव!

अशा दिवसांत पायानं मशीन मारायचं नसतं. पट्टा काढून बरोबर नेलाय. कुणी विचारलं तर सांग, सासू खाष्ट हाय, मशीनला हात लावू देत न्हाय.