आवाजाच्या आधी

६ सप्टेंबर, शनिवार

आज मी पिस्तूल चालवलं! मी — हाजरा, केजीच्या पोरांना लाल-पिवळा शिकवणारी, लग्नाच्या वरातीत फटाके लागले की कानांत बोटं घालणारी.

पॉइंट टू टूचं होतं, एवढंसं. झेबाचा तर विरसच झाला. "ही काय गो? माझा मिक्सर यापरीस मोठ्यानं वरडतो." झेबा रत्नागिरीची, समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. या बायकांच्या क्लासला माझं नाव तिनेच घातलं, गाडीही तिचीच. आमची कोच नौफ, सौदी पोरगी, तिशीची असेल. हिंदी बरी बोलते. म्हणाली, सुरुवात छोट्यावरच करायची. मोठं पिस्तूल पहिल्याच दिवशी घाबरवतं, मग बाई कायम डोळे मिटून चाप ओढते.

आधी नुसते नियम. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजायचं. जे मोडायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. मग शेवटी थोड्या गोळ्या. एक कागदाला लागली, बाकीच्या मागच्या मातीत गेल्या. लाइबा काचेपलीकडे बसून मोबाईल बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "नॉट बॅड, मम्मा." पंधरा वर्षांच्या मुलीकडून एवढं म्हणजे पदकच.

गंमत अशी की यातलं काही घरी आणता येत नाही. आम्ही इकामावाले, बाहेरून कामाला आलेले, आम्हाला पिस्तूल ठेवायची मुभा नाही. शिकायचं आणि तिथेच परत करायचं. मी विचारलं, मग उपयोग काय? नौफ म्हणाली, घाबरल्यावर काय करायचं ते तर घरी नेशील.

नवऱ्याला, सुफियानला, सांगितलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

का गेले ते लिहून ठेवते. गेल्या महिन्यात भर दुपारी कुणीतरी आमच्या दाराला बाहेरून किल्ली लावली. फिरवतोय, फिरवतोय, हँडल हलवतोय. मी आतून विळी उचलून उभी. नारळ खवत होते ना, तीच हातात आली, पाटासकट! लाइबा शाळेत. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी तो माणूस काहीतरी पुटपुटत वर गेला. वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, मजला चुकला होता. पण विळी मी संध्याकाळपर्यंत दाराशीच ठेवली.

तेव्हा सुफियान हवा होता. बाकी काही नाही. दारातून येऊन "काय झालं" एवढं विचारणारा.

तो जिझानला, सौदीच्या पार दक्षिण टोकाला. कंपनीने दोन वर्षांपूर्वी तिकडच्या रिफायनरीत पाठवला, बॅचलर क्वार्टर दिलं, आणि लाइबाच्या शाळेसाठी आम्ही यान्बूतच राहिलो. एकाच देशात आहोत, आणि गाडीने यायचं तर दिवस जातो. बदली होईल होईल म्हणतात. मी त्या बदलीवरच जगतेय. कधीकधी वाटतं, यायचं त्यालाच नाहीये.

समोर त्याचं नाव घेत नाही, 'अहो' म्हणते. इथे घेते. बरं वाटतं लिहायला. सुफियान.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज ओरडायचा तास. खरंच! नौफ म्हणाली, घरात कुणी शिरलं तर गोळी सगळ्यात शेवटी. आधी पोरांना घेऊन खोलीत जायचं, दार लावायचं, पोलिसांना फोन करायचा, आणि ओरडायचं. जी भाषा घाबरल्यावर तोंडात येते तिच्यात ओरडायचं, इंग्रजीबिंग्रजी नको.

झेबाने "खबरदार!" म्हणून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या लेनमधली मुलगी दचकली. माझी पाळी आली. आवाजच निघेना. शाळेत बावीस पोरं एका हाकेत गप्प करते आणि इथे ही गत. मग एकदम निघालं — "येऊ नको! तिथेच थांब! येऊ नको!"

नौफने टाळ्या वाजवल्या. झेबा म्हणाली, "बाई गो, हिला तर सवय दिसते." सगळ्या हसल्या, मीही हसले. लाइबा नाही हसली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कोळणीसारखी घासाघीस करून सुरमई आणली. मासळीवाला बांगलादेशी, ओळखतो आता. त्याने डोकं वेगळं बांधून दिलं, नेहमीसारखं. डोकं सुफियानचं. लाइबा बघतसुद्धा नाही त्याच्याकडे. मी आपली दर वेळी घेते, तिखट कालवण करते आणि एकटीच खाते. मला ते आवडत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर फोन आला. तेवीसला नॅशनल डेची सुट्टी, तिला जोडून येतो म्हणाला होता. आठवडाभर मी मनात बिर्याणी शिजवत होते.

"हाजरा, ऐक ना, त्या सुट्टीचं..."

त्याचा आवाज ऐकूनच कळलं. मी म्हटलं, "नाही जमत ना? राहू दे. आमचं सगळं ठीक आहे इकडे. तुम्ही उगाच एवढ्या लांब धावपळ करू नका."

 मग, "हं. लाइबाचा अभ्यास?" मग पाणी कसं येतं, एसीवाला आला का, गावी त्याच्या आईची गोळी पोचली का. खलास. ठेवला फोन.

मी शहाण्यासारखी बोलले. अम्मीने शिकवलंय. अब्बा सारी उमर कुवेतला, आम्ही श्रीवर्धनला. आमच्या मोहल्ल्यात घराघरातला पुरुष बाहेर, आणि बायकांचा एकच कायदा — परदेशी गेलेल्या आपल्या माणसाला घरची रड सांगायची नाही. तो तिथे एकटा, करणार काय? जिवाला लावून घेईल. अम्मी फोनवर हसून बोलायची, "सगळा बरा हाय, तुम्ही तुमचा बघा." ताप असायचा अंगात आणि तरी हसायची. फोन ठेवला की पदर तोंडात.

मी पदर तोंडात घेत नाही. भांडी घासते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगळीकडे हिरवे झेंडे. पोरं गाड्यांतून गाणी वाजवत फिरताहेत.

मी खाली जाऊन त्याची गाडी चालू केली. मला चालवता येत नाही, पण बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून चालू करायची, असं तो सांगून गेलाय. एसी लावून बसले. सीट त्याच्या मापाची आहे, माझे पाय पेडलला पोचत नाहीत. झेबा म्हणते, पुढे ओढ की. नाही ओढत मी. त्याची आठवण इतकी येते की लाज वाटते. चाळिशी आली माझी, लग्नाला सतरा वर्षं झाली आणि नव्या नवरीसारखी त्याच्या सीटवर बसून राहते!

२७ सप्टेंबर, शनिवार

आज नौफने मला फसवलं.

नेम लागत नव्हता. सगळ्या गोळ्या खाली. म्हटलं, पिस्तूल बिघडलंय. नळीच्या टोकाला माशी असते, ती खाचेत बरोबर बसवते, श्वास धरते, तरी गोळी खालीच! नौफ काही बोलली नाही. गोळ्यांचं मॅगझिन घेऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, भरून दिलं. "मार."

पहिली गोळी सुटली. दुसरीला चाप ओढला तर नुसतं टिक्. आवाज नाही, धक्का नाही. आणि माझे दोन्ही हात आपोआप खाली झुकलेले. नळी पार जमिनीकडे.

खऱ्या गोळ्यांत तिने प्लॅस्टिकच्या खोट्या मिसळल्या होत्या. कुठली कधी येईल कळत नाही. म्हणाली, "बघितलंस? धक्का आलाच नाही, तरी तू झुकलीस. तू आवाजाच्या आधीच घाबरून घेतेस. गोळी कशी लागेल?"

परत भरून दिलं. परत तेच. टिक्, आणि हात खाली. मला इतका राग आला, स्वतःचाच. मला माहीत होतं ती खोटी असू शकते, तरी! नौफ म्हणाली, सगळ्यांचं होतं असं. चाप हळूहळू दाबत जा, आणि सुटायची तेव्हा सुटू दे. सुटल्यावर तुझं तुलाच नवल वाटलं पाहिजे.

झेबाचं असं होत नाही. तिच्या गोळ्या इकडेतिकडे जातात, पण ती झुकत नाही. तिचा नवरा रोज संध्याकाळी घरी येतो. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, मला माहितीये. तरी लिहिलं.

२८ सप्टेंबर, रविवार

लाइबाच्या डोक्याला तेल लावत होते. ती आपण होऊन बोलायला लागली, म्हणून मी हात सावकाश चालवला.

"मम्मा, यू डू दॅट विथ पापा ऑल्सो."

"काय करते?"

"वो झुकनेवाला. पापा एक वर्ड बोलते हैं, और आप पहले ही बोल देती हो कि नहीं आ रहे ना, ठीक है. ही डझन्ट इव्हन फिनिश."

मी म्हटलं, तुला नाही कळायचं, मोठ्यांच्या गोष्टी असतात. ती म्हणाली, "ओके." आणि परत मोबाईल.

मराठीत बोल म्हटलं असतं तर बोललीच नसती. दिवसभर तिचं वाक्य डोक्यात. रागही आलाय तिचा. लहान तोंडी मोठा घास.

१ ऑक्टोबर, बुधवार

फोन आला. ठरवलं होतं, मध्ये बोलायचं नाही.

पण लाइबाने त्याला क्लासचं आधीच सांगून टाकलेलं. आणि दाराला किल्ली लावल्याचंही!

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? काही झालं नाही."

"विळी घेऊन उभी होतीस, आणि काही झालं नाही?"

"तुम्ही तिकडून काय करणार होतात?"

हे बोलायचं नव्हतं. बोलले. तो म्हणाला, "बरोबर आहे. मी काय करणार." मग म्हणाला, "हाजरा, तुला माझी गरज..." आणि मी लगेच, "अहो, असं काही नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आमचं चाललंय व्यवस्थित."

फोन ठेवल्यावर कळलं. परत झुकले.

काय विचारणार होता तो?

४ ऑक्टोबर, शनिवार

जमलं आज! चाप दाबत गेले, दाबत गेले, मनात म्हटलं सुटेल तेव्हा सुटेल, आणि फट्! मी खरंच चकित. कागदाच्या मधोमध भोक. मग खोटी आली, टिक्, आणि माझे हात जिथल्या तिथे. नौफने मिठी मारली. "शाबाश, उम्म लाइबा." म्हणजे लाइबाची आई. झेबाने गाडीत मला पाकातला कुनाफा खाऊ घातला आणि स्वतः दुप्पट खाल्ला.

आनंदात होते तशीच त्याला फोन लावायला गेले. लावला नाही. शिफ्टवर असेल.

खोटं. शिफ्ट नव्हती, मला माहीत होतं. मला भीती वाटली. तो यायचं नाही म्हणेल याची. सहा महिने झाले, रमजान ईदला आला होता तो, त्यानंतर नुसता आवाज. एवढं माणूस हवं असणं बरं नाही. पण हवंय. दारातल्या त्याच्या चपला हव्यात, वाकड्यातिकड्या, मी रोज सरळ करायचे त्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या जुम्म्यानंतर फोन येईल. सरळ विचारणार. विचारून गप्प बसणार. काहीही झालं तरी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

विचारलं. "अहो, तुम्हाला इकडे यायचंच नाहीये का?"

आणि गप्प बसले. तो बोलेना, तरी मी बोलले नाही. ओठ दाताखाली धरून ठेवला.

खूप वेळाने म्हणाला, "रमजानच्या आधी यान्बूची जागा निघाली होती. साहेबाने पहिलं मलाच विचारलं. तुला सांगायलाच फोन केला होता मी. म्हटलं, हाजरा, एक विचारायचंय, मी इकडे आहे ते... आणि तू म्हणालीस, आमची काळजी सोडा, आम्हाला तुमच्याशिवाय राहायची सवय झालीये. मग मी साहेबाला नाही म्हणून कळवलं. ती जागा भरली."

मला तो फोन आठवतसुद्धा नाही.