पाण्यात हलवायचा, आपटायचा नाही

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

वर्ष होत आलं, तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. रागावू नकोस. रोजनिशी मात्र रोज लिहीत होते, त्यामुळे वेळ नव्हता असं म्हणायला तोंड नाही. तुला लिहायचं तर बाबांबद्दल लिहावं लागणार, आणि ते कसं लिहावं हे उमजत नव्हतं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात उठत नाही. दाढी मीच करते, त्यांच्याच जुन्या, जड रेझरने. पहिल्या दिवशी फेस लावून एक पट्टा ओढला आणि पात्यात अडकलेले केस काढायला रेझर वाडग्याच्या कडेवर टकटक आपटला. बाबांचे डोळे मिटलेले होते, तरी म्हणाले, "बंद पडलेलं घड्याळ टेबलावर आपटून बघणारी गिऱ्हाइकं यायची, त्यांच्यातली तू." जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, दुसरं काय बोलणार? मग शिकवलं. रेझर पाण्यात बुडवून हलवायचा, पात्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी जाऊ द्यायचं, उचलून निथळू द्यायचा. बोटाने पुसायचा नाही. पाणी गढूळ झालं की बदलायचं. मी फार जपून करते, त्यामुळे उशीर होतो. "दाढी करतेस की पातेलं घासतेस?" असं विचारतात. जीभ जड झालीय, पण टोमणे स्पष्ट येतात.

उजव्या गालाला त्यांना काही कळत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकदा रेझर बुडवला आणि पाणी लालसर झालं. बाबा स्वस्थ बसलेले. नंतर त्यांचंच लक्ष वाडग्याकडे गेलं. म्हणाले, "कुणाला कापलंस गं?" मी हसले. वाडगा धुवायला न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून नुसती उभी राहिले.

दुपारची गाडी यायच्या आत दाढी व्हायला हवी, एवढी एकच घाई ते करत. झाली की खुर्ची दाराकडे तोंड करून लावायला सांगत. मला वाटायचं, उजेड हवा असेल. तुझं नाव कधी काढलं नाही. दुकान विकण्यावरून तुमच्यात जे झालं ते मी उगाळत नाही. दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं असं मला वाटतं, आणि असं वाटणं माझ्या सोयीचं आहे, हेही कळतं.

आज मी कोमट पाणी घेऊन गेले, तर बाबांनी डाव्या हाताने वाडगा बाजूला सारला. "राहू दे आता. तो काही यायचा नाही." इतके दिवस मी ही दाढी कुणासाठी करत होते, ते तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणतात, आता महिन्यांचा हिशोब धरू नका. हे सगळं तुला लाजवायला लिहितेय का, असं स्वतःला विचारून पाहिलं. थोडं असेलही. पण दादा, त्यांनी तुझी वाट बघणं सोडलंय, आणि त्यावाचून त्यांना धरून ठेवणारं दुसरं काही मला दिसत नाही. ये.

तुझीच,
धाकटी

उद्याचं काम: माळ्यावरून तुझी गादी काढून उन्हात घालणे.