एक कान मोकळा

इतो, इझू
२१ ऑक्टोबर

प्रिय मिफुयुताई,

इथे सकाळी समुद्रावर धुकं उतरतं ते जेवणाच्या वेळेपर्यंत उठत नाही. तुमच्या आओमोरीत थंडी सुरू झाली असेल. दाजींची कंबर कशी आहे? तुझी सफरचंदांची पेटी पोचली, नेहमीसारखी चिठ्ठीशिवाय. तामारूने उभ्या उभ्या तीन संपवली. म्हणाला, "बँड सोडून गेली, पण ढोलवाल्याला पोसायचं काही सोडलं नाही बाईने."

चौथ्या अल्बमसाठी तीन आठवडे स्टुडिओतच मुक्काम आहे. नऊ गाणी झाली. दहावं 'ओहोटीचं स्टेशन', तुझ्या चालीचं. शब्द सुचले नव्हते म्हणून तू नुसतं ला-ला गाऊन ठेवलं होतंस, नंतर पुसायचं म्हणून. शब्द आता मी लिहिलेत. बरे आहेत.

मंगळवारी चिहाया ते गायली. तुझ्या जागी आलेली ही पोरगी गाताना हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवते, स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. तूही तेच करायचीस. बाहेर धुकं काचेला टेकलं होतं. गाणं संपलं, रेकॉर्डिंगला बसलेल्या निशिगोरीकाकांनी ते परत लावलं आणि यंत्रावरचा हात थांबवला.

"मागे कोण गातंय?"

चिहायाच्या अर्धा ठोका आधी कुणीतरी श्वास घेत होतं. मग अगदी पुसट ला-ला. धुक्यात पुढे कुणी चाललंय आणि पोरगी त्या पावलांवर पाऊल टाकत येतेय, असं वाटत होतं.

"काका, स्टुडिओत भूत आहे," तामारू म्हणाला. "पण सुरात आहे हो."

कुणी हसलं नाही. चिहायाचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं. हेडफोनमध्ये ताईंच्या जुन्या ला-लाचा आवाज मोठा ठेवला होता, मोकळ्या बाजूने तो माइकमध्ये गेला. ताई श्वास घेतात तिथेच मला घेता येतो. ती फाइल सेत्सुओदादांनीच दिली होती."

"मुरलाय आता तो हिच्या आवाजात," काका म्हणाले. "वेगळा निघायचा नाही. ठेवा, नाहीतर हिला पुन्हा गाऊ दे."

मग सगळे माझ्याकडे बघत राहिले.

ताई, घशाच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलात तू पाटीवर लिहिलं होतंस, 'माझं गायलेलं सगळं पूस.' मला बोलता येत होतं, तरी मी पाटीवरच उत्तर लिहिलं, 'पुसलं.' तोंडाने म्हणालो असतो तर तुला लगेच कळलं असतं. मी काहीच पुसलं नव्हतं. दोन वर्षं ती फाइल 'तामारूची ढोल-चाचणी' या नावाखाली ठेवली. ती कोण उघडणार!

काल चिहाया दोन्ही कान झाकून, नुसत्या पियानोवर पुन्हा गायली. एक सूर हलला नाही. काकांनी मान डोलावली आणि चहा करायला उठले. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सगळं नीट होतं आणि पुढे चालणारं कुणी नव्हतं.

तुला गळ घालायला हे लिहीत नाही, असं लिहिणार होतो. पण एक खोटं पुरे झालं.

सोबत सीडी पाठवतोय. पहिलं गाणं तुमच्या दोघींचं, दुसरं तिच्या एकटीचं. एकोणतीस तारखेला अल्बम छापायला जाईल. तू नको म्हणालीस तर दुसरं जाईल, आणि या वेळी मी खरंच पुसेन, चिहाया आणि तामारूच्या देखत.

फक्त उत्तर लिहून पाठवू नकोस. माझे फोन तू का उचलत नाहीस ते मला ठाऊक आहे. आवाज घोगरा असो, फाटका असो, तू बोल. हो किंवा नाही, एवढंच. एकोणतीसपर्यंत मी रोज दुपारी फोनपाशी बसलेला असेन, हेडफोनची एक बाजू सरकवून.

पाटीवर खोटं लिहिलेला तुझा भाऊ,
सेत्सुओ