बघणं वेगळं, होकार वेगळा

ती. पद्माआत्यास, विहंगचा कान धरून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. (वधूवर मंडळाचं ऑफिस गिरगावात तिसऱ्या मजल्यावर आहे, ठाऊक आहे. तरीही.) फोनवर तू एवढंच म्हणालीस, "तोंडी काही नको, लेखी दे. कमिटीपुढे ठेवायचंय." म्हणून हे लेखी.

लोअर परळच्या ऑफिसात सात वर्षं मी वेबसाइट बनवायचंच काम करतो, तेव्हा मंडळाची वेबसाइट म्हणजे डाव्या हाताचा खेळ, असं मीच तुला सांगितलं होतं. तिथे कोणी काही दाबलं की आमच्याकडे रिक्वेस्ट येते. तिचे दोन भाग असतात: काय करायचंय आणि कुठल्या पत्त्यावर. नुसतं बघायचं तर 'गेट', काही कळवायचं तर 'पोस्ट'. पत्ता दोन्हींचा एकच, समज 'स्थळ क्रमांक अठरा'. चाळीत खोली अठराशी दूधवालाही येतो आणि वर्गणीवालेही. दार एक, काम वेगळं. आम्ही नियमांची यादी लिहितो, आणि वरून पहिला जो जुळेल तो लागतो. मी सगळ्यात वर लिहिलं, 'स्थळाच्या पत्त्यावर आलेल्याचा होकार नोंदवा', आणि 'काय करायचंय' ही जागा कोरी सोडली. कोरी म्हणजे काहीही चालेल. थोडक्यात, जो बघेल त्याचा होकार. (हे शिकवायला मी नव्या मुलांचे वर्ग घेतो.)

शुक्रवारी वेबसाइट सुरू झाली. आपल्या चिटणीस रमाबाई, वय शहात्तर, शुद्धलेखन तपासायला म्हणून सगळी मुलं उघडून बसल्या. एकट्या त्यांचेच एकतीस होकार. त्यातल्या एकाच्या आईने पत्रिकाही मागवली. मंडळात बहिणीबरोबर नाव नोंदवलेला गंधार तिचा फोटो नीट आलाय का बघायला गेला, आणि 'गंधार यांना आपण पसंत आहात' असा निरोप बहिणीला पोचला. ती अजून त्याच्याशी बोलत नाही.

चूक पकडली ती दादरच्या जुईने. (दातांची डॉक्टर. स्थळ क्रमांक बेचाळीस.) तिने शनिवारी सकाळी लिहिलं, "मी चौघांना बघितलं. होकार कोणालाच दिला नाही. तुमच्याकडे दोन्ही एकच असतं का?" माझ्या साहेबांनीही मला इतक्या कमी शब्दांत कधी झापलेलं नाही. मी ते अकरा वेळा वाचलं आणि दुपारी नियम दुरुस्त केला: होकार फक्त 'पोस्ट' आलं तरच. त्या चौघांत एक मीच होतो, पण ते महत्त्वाचं नाही.

कमिटीच्या सहीशिवाय होकार मागे घेता येत नाही, हा नियम तुझाच. सोबत चौसष्ट होकारांची यादी आहे. सगळे रद्द करून दिलगिरीची पत्रं पाठवावीत. शिक्षा द्याल ती मान्य.

तुझा,
विहंग

ता. क. हे खालचं कमिटीपुढे वाचू नकोस, फाडून ठेव. जुईचा माझ्या नावचा होकार चुकीचाच आहे, तो आधी रद्द कर. तिच्या मनाविरुद्ध एक दिवसही राहायला नको.

आणखी ता. क. यादीतला चौसष्टावा होकार तेवढा खोडू नकोस. तो माझा, जुईला. चूक शनिवारी दुपारी दुरुस्त झाली होती. हा रविवारी सकाळचा आहे.