फळीवरची थाप

२ एप्रिल २००१, हिंगोली

आज मी ट्रकवर चढले! बालवाडीतली मिराबाई हसून म्हणाली, "बाई, या वयात किलीनर व्हता व्हय?" व्हय म्हटलं. लेक साक्षी नर्सिंगसाठी नांदेडला गेल्यापासून घर खायला उठतं. यांच्या गाडीवर क्लीनर टिकत नाही, आणि मागच्या महिन्यात हे स्टिअरिंगवरच पेंगले. गाडी शेतात उतरली. मालकाने बजावलं, सोबत माणूस आणा, नाहीतर चावी ठेवा. मग मीच तो माणूस झाले.

हळदीची पोती भरून इंदूरला निघालोय. केबिन म्हणजे छोटं घरच. काचेजवळ बुद्धाची इवलीशी मूर्ती आहे, तिच्यावरची हळद पदराने पुसली.

३ एप्रिल, अकोल्याच्या पुढे

लांबच्या रस्त्याचे धडे मिळाले. दुपारी पोटभर जेवायचं नाही. अर्धी भाकरी आणि भरपूर पाणी, म्हणजे उतरावंच लागतं आणि झोप उडते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक तापवायचे नाहीत. पुढच्या गाडीच्या पाठीकडे टक लावायची नाही, डोळे गुंगतात. आणि क्लीनरने गप्प बसायचं नाही. हे म्हणाले, घरी बोलती तशी बोल. मी म्हटलं, घरी तुमी ऐकता कुठं? तर म्हणे, "इथं जाऊ कुठं? ऐकावंच लागतंय."

गाडी मागे घेताना मी मागच्या फळीवर तळहाताने थाप मारत राहायचं. आरशात मागचं दिसत नाही. थाप चालू तोवर गाडी मागे येणार. थाप थांबली की गाडी थांबणार. एकच थाप म्हणजे थांबा. लागोपाठ दोन म्हणजे सोडा, जाऊ द्या.

५ एप्रिल, इंदूर

गोदामात गाडी मागे घेत होतो. माझा पदर फळीच्या कडीत अडकला. थाप सोडून मी दोन्ही हातांनी पदर ओढू लागले. गाडी येतच राहिली. मी ओरडले. एका हमालाने मला बाजूला खेचलं, पदर फाटला.

हे उतरले ते पांढरेफटक. म्हणाले, "थाप तर बराबर येऊन राहिली होती."

मी माझे हात दाखवले. हे पायरीवर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

७ एप्रिल, इंदूर

परतीचा माल मिळत नाही. ऊन, डिझेलचा वास, अंग मोडून आलंय. चहाच्या टपरीवरची रूपाबाई आपल्याच भागातली, कळमनुरीची. तिने विचारलं, वसरामच्या जागी तुमी का? वसराम यांचा जुना क्लीनर. तो तांड्यावर परत गेला, असं हे मला म्हणाले होते. रूपाबाईने सांगितलं, दिवाळीच्या आधी गाडी मागे घेताना तो भिंतीशी चिरडला.

मी यांना विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी उतरलो तवा तो कवाच गेला होता. अन् थाप चालूच होती, मंजुषा."

तेव्हापासून यांना रात्रीची झोप नाही. म्हणून दिवसा पेंगतात. मी पाठीवर हात ठेवला. ठरवलं, यांना धड घरी न्यायचं. मग ही गाडी नको. दोघं मजुरीला जाऊ.

१० एप्रिल, खंडव्याचा रस्ता

चालत्या गाडीत मागून एक थाप. यांनी सवयीने ब्रेक दाबला. मागचा ट्रक शिव्या देत कसाबसा वळला. खाली उतरून बघितलं. कुणी नाही.

आता थापेवर चालायचं नाही, असं ठरवलं. फक्त तोंडाने हाक मारायची.

१२ एप्रिल

आज दिवसभर थाप. मी मोठ्याने बोलत राहिले. लग्न, साक्षीचा जन्म, जे आठवेल ते. घसा बसला. यांचे डोळे मिटत होते, मी चिमटे काढत होते. उद्या घर. परवा जयंतीला साक्षी येणार —

१३ एप्रिल, दुपार

कनेरगावच्या पुढे चढावर इंजिन बंद पडलं. हँडब्रेक धरत नाही. यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. म्हणाले, पायाचा ब्रेक दाबून धर, मी चाकामागं दगड लावतो, लावून झाला की हाक मारतो, मगच सोड.

हे मागे गेलेत. आरशात दिसत नाहीत.

पेडल दगडासारखं जड. झोप येऊ नये म्हणून मांडीवर वही ठेवून लिहितेय.

दोन थापा.

सोडणार नाही. हाक नाही आली.

पुन्हा दोन. मी दोनदा ओरडून विचारलं, झालं का? पोटरीत गोळा आलाय —

हाक आली. "सोड, मंजुषा." यांचाच आवाज. मी पाय उचलणार, तेवढ्यात — "सोडू नको! मी चाकाखाली हाय!"

तोही यांचाच.

सोड. सोडू नको. दोन्ही मागूनच. दोन्ही यांचेच.

पाय बधिर — कळत नाही, तो दाबलेला आहे की —