छताला कडी असलेली खोली

प्रिय टिटवे,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि तू गप्प बसलीस तर बाळ रडतं. शिवाय फोन तुझ्या बापाचा. तो शेजारी उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत राहतो. म्हणून लिहायला बसले. मी तिसरी नापास, तेव्हा अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं असेल. सावकाश वाच, आणि जावईबापू कामावर गेल्यावर वाच.

इथे हंगाम सुरू झाला. पाहुण्यांची विमानं उतरायला लागली की अंडी महाग होतात, हे तुला सांगायला नको. कोंबडीला विमानाची वेळ कोण कळवतं कोण जाणे. पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे दोन भाव असायचे, गवती टोपी घालून येणाऱ्याला एक आणि आपल्याला एक. तू लहान असताना कुणा पाहुणीची टाकलेली टोपी घालून साबण आणायला गेलीस आणि त्या मेल्याने तुला टोपीचा भाव लावला. आठवतं का? मी भर दुकानात त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या. आता त्याने ती भानगडच मिटवली आहे. सगळ्यांना एकच भाव, टोपीचा. परवा मी तोंड उघडलं तर म्हणाला, आजी, माझ्या दुकानाचं भाडंसुद्धा टोपीच्याच भावाने वाढलंय, मी काय घरून घालू? त्याचंही खोटं नाही, त्यामुळे भांडायलाही मजा येत नाही. मासळीचं तेच. चांगली मासळी किनाऱ्यावरूनच हॉटेलच्या गाडीत चढते आणि आपल्याला उरतात डोकी. समुद्र आपल्या दारात आणि मासा परक्याच्या ताटात.

तुझा बाप अजून पाहुण्यांची गाडी चालवतो. पगार नावाला, खरी कमाई बक्षिसीची. बक्षिसी मिळावी म्हणून दिवसभर हसतो आणि घरी आला की तोंड दुखतं म्हणून बोलत नाही. बाकी पोर गुणाचं आहे. पावसात पाहुणे गेले की गाडी बंद, पगार बंद, पोट मात्र चालू. तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मला ते बघवत नाही, म्हणून मी त्याला टाकून बोलते. मला दुसरं काही येत नाही.

माझं म्हणशील तर मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरातून मला काढलं. तुला बोलले नव्हते. पावसानंतर हॉटेल उघडलं तेव्हा तरण्या पोरी घेतल्या, माझे गुडघे घेतले नाहीत. आता मी गल्लीतल्या भाड्याच्या खोल्या झाडते आणि चादरी बदलते. पाहुणा एका रात्रीचं जे भाडं देतो त्यात माझी आठवड्याची मजुरी बसते, आणि त्या आठवड्यात अशा कितीतरी चादरी मी घातलेल्या असतात. धुलाईघरात चादरीची घडी दोघीजणी घालायच्या. तू एक टोक धर, मी एक, झटका मारायचा, चालत जवळ यायचं, टोक हातात द्यायचं, परत मागे. त्या येण्याजाण्यात आख्ख्या गावाची लफडी कळायची. इथे मी एकटीच. एकटीने घडी घालायची म्हणजे चादरीची कड हनुवटीखाली दाबून धरायची. हनुवटी दाबली की बोलता येत नाही. गावातले लोक म्हणतात म्हातारी हल्ली शांत झाली. शांत कसली, तोंडात चादर आहे.

आता तुझं. जावईबापूंना हंगामातच सुट्टी मिळते हे मला कळतं. आजीला त्रास नको, दोन खोल्यांत बाळाचं कसं व्हायचं, म्हणून त्यांनी जवळच समुद्राकडची खोली फोनवरून घेतली, महिनाभराचे पैसे आधीच भरले, हेही तू सांगितलंस. माणूस मनाचा मोठा आहे. मी लग्नात त्याला मुखदुर्बळ म्हटलं होतं, ते परत घेते. खोलीचे फोटो बघून किती उत्साहाने सांगत होतीस तू. आजी, भिंती पांढऱ्याशुभ्र, न्हाणीघर खोलीतच, आणि छताला कडीसुद्धा आहे, आपल्या घरासारखी, बाळाचा पाळणा तिथेच बांधू. मी नुसतं बरं म्हटलं. तुला वाटलं असेल आजीला कौतुक नाही.

आपल्या घराचं ऐक. मागच्या पावसाळ्यात तुझा बाप फारच दिवस भिंतीकडे तोंड करून होता. विजेचं बिल थकलं, पाण्याचं थकलं, छपराचे पत्रे उडाले. तेवढ्यात तो चष्मेवाला दलाल गल्लीत फिरू लागला. घर पाच वर्षांसाठी द्या, डागडुजी माझी, भाडं महिन्याच्या महिन्याला. शेजाऱ्यांनी दिलं, समोरच्यांनी दिलं. घर माझ्या नावावर, सही मी केली. कुणी हात धरून करवून घेतली नाही. आम्ही डोंगराच्या मागे एका खोलीत राहायला गेलो. पण गल्लीतले सगळेच तिकडे धावले, तेव्हा तिथलंही भाडं चढलं. दलालाकडून येतं ते एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने घरमालकाला द्यायचं. माझ्या वाट्याला नुसती चढण आली. गल्लीत आता आपल्यातलं फक्त ते लंगडं मांजर राहतं. त्याला कुणी सही मागितली नाही.

तू फोनवर विचारायचीस, आजी, खिडकीतून लाटा ऐकू येतात का गं. मी म्हणायचे, येतात. ते खरंच होतं. त्या खिडकीखाली मी रोज झाडू मारते. दलाल पाहुण्यांना सांगतो, हे एका जुन्या कप्तानाचं घर. भिंतीवर एक वल्हं टांगलंय, तेही बाजारातून आणलेलं. तुझे आजोबा होड्या दुरुस्त करायचे आणि होडीत बसले की ओकायचे. त्यांना कप्तान केलेलं बघून मला पहिल्यांदा इतकं हसू आलं की बादली लवंडली.

तर टिटवे, जावईबापूंनी घेतलेली खोली ती हीच. तुला ओळखू आली नाही, कशी येईल. तुझी खिडकी मोठी केली, चुलीच्या जागी न्हाणीघर आलं, फरशी बदलली. कडी तेवढी राहिली, कारण आजोबांनी ती तुळईत अशी ठोकली होती की दलालाच्या माणसांना उपटता आली नाही. तिला रंग फासून त्यांनी टोपलीचा दिवा टांगला. तुमची नावं दलालाने मला वाचून दाखवली, अमुक दिवसापासून येतायत, लहान बाळ आहे, चादर जास्त ठेव म्हणून. पैसे परत मिळतात का ते मी आडून आडून विचारलं. मिळत नाहीत. तुझ्याच घरात राहायला तू टोपीचा भाव भरलास, आणि या वेळी दुकानात जाऊन भांडायची सोय नाही, कारण दुकान मीच दिलंय. तुझा बाप म्हणतो, आल्यावर बघू. मला ते नको. तू दारात बाळ घेऊन उभी राहशील, कडीकडे बघशील आणि नवऱ्यासमोर तुझा चेहरा पडेल, आणि त्या भल्या माणसाला वाटेल चूक त्याची झाली. म्हणून हे लिहिलं. काय रडायचं ते तिकडेच रडून घे, त्यांना सांग किंवा सांगू नकोस, पण ये. कामवालीने पाहुण्यांच्या खोलीत बसायचं नाही असा दलालाचा नियम आहे, तेव्हा मी दार वाजवून येईन. तू लगेच उठून मला खुर्ची देऊ नकोस, तो समोरच्या ओट्यावर बसलेला असतो. दिवा मी आदल्या दिवशीच उतरवून ठेवीन. कडी पक्की आहे, तुझा बाप आणि तू दोघांना तिने पेललंय, पाळणा बिनघोर बांध. मी रोज चादर बदलायला येईन, गरज असो नसो. तू फक्त दुसरं टोक धर, म्हणजे मला बोलता येईल.

तुझीच,
आजी